अंगणवाडीतील समावेशन (बेळगाव सीमाभाग)

अपंगत्व असलेल्या लहानग्यांना वेगळे न काढता गल्लीतल्या इतर मुलांबरोबर अंगणवाडीत, खेळात आणि सणावारात वाढवण्याची पद्धत. पटावर नाव असले म्हणजे समावेशन झाले, असे नव्हे. गाणे चालू असताना ते मूल कुठे बसलेले असते, हे पाहावे लागते.

‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणाच्या कामातून रुळला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तोच शब्द आता कन्नड लिपीतल्या पाटीवर दिसतो.

या पट्ट्यातली खरी अडचण भाषेची आहे. मूल घरी मराठी बोलते आणि अंगणवाडीत अनेकदा कन्नड ऐकते. ते उशिरा बोलू लागले, की ‘दोन भाषांमुळं गोंधळलंय, बोलंल हळूहळू’ म्हणून सोडून दिले जाते. ही समजूत चुकीची आहे. दोन भाषा कानावर पडल्याने वाचाविलंब होत नाही. उलट या दिलाशात श्रवणदोष, स्वमग्नता किंवा बौद्धिक अपंगत्व ओळखायला उशीर होतो. मुलाला किती शब्द येतात हे मोजताना घरचे ‘दूध’ आणि अंगणवाडीतले ‘बा’ (कन्नडात ‘ये’) दोन्ही धरायचे असतात. एकाच भाषेत तपासले, तर हुशार मूलही मागे पडलेले दिसते. म्हणून तपासणीच्या वेळी आई किंवा आजी जवळ हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) आरोग्य पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा तपासायची असतात. दिव्यांग मुलांसाठीची अंगणवाडी नियमावली केंद्राने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र ६ ते १८ वयापुरता आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना आहे. ज्या वर्षांत मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो, ती नेमकी त्याच्या बाहेर राहतात.

प्रत्यक्षात लागते ते बरेचसे साधे असते. मेंदूच्या पक्षाघाताचे (सेरेब्रल पाल्सी) मूल भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या लावून बसवले, तर त्याचे हात खेळायला मोकळे होतात. त्याला आडवे ठेवून भरवू नये, ठसका लागतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी बोलताना बाईंचा चेहरा उजेडात असावा, पाठीमागे उघडे दार नसावे.