इंजिन वॉर्मअप: गाडी पिळण्याआधी ऑइल तापू देणं

थंड इंजिन स्टार्ट केल्यावर लगेच जोरात न पळवता, आतलं ऑइल नीट तापेपर्यंत गाडी हलक्या पायाने चालवणं म्हणजे वॉर्मअप. बरेच जण सकाळी स्टार्ट मारून गाडी दहा-दहा मिनिटं जागेवर चालू ठेवतात, तर काही जण सोसायटीच्या गेटबाहेर पडल्या पडल्या पाय दाबतात, आणि इंजिनच्या दृष्टीने दोन्ही वाईटच.

आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते, वॉर्मअप कशाला, असं खूप ऐकायला मिळतं. पण ५डब्ल्यू-३० सारखं नेहमीचं ऑइल १०० अंशांना जेवढं दाट असतं त्याच्या साधारण सहापट दाट ते ४० अंशांना असतं, म्हणजे नागपुरात भर मे महिन्यात दुपारी सावलीत उभी असलेली गाडीसुद्धा इंजिनच्या हिशोबाने थंडच! त्यात पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि सिलिंडरची भिंत बहुतेक गाड्यांत लोखंडाची, अ‍ॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून थंड असताना पिस्टन मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असतो. जुन्या इंजिनात सकाळी येणारी टकटक आणि थोड्या वेळाने तिचं बंद होणं बऱ्याचदा यामुळेच असतं.

मग जागेवर चालू का ठेवायची नाही, तर थंड पेट्रोल इंजिनात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्तीचं पेट्रोल सोडतो, ते सगळं जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्येही उतरतं. जागेवर इंजिन फार सावकाश तापतं, त्यामुळे ही अवस्था उगाच लांबते. न्यूट्रलला रेस देणं तर त्याहून वाईट. ही सवय आली कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग) जमान्यातून, प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० चोक ओढून सुरू करायची आणि तापेपर्यंत थांबायचं नाहीतर गाडी बंद पडायची. कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन आल्यावर ती गरज संपली पण सवय राहिली.

आता करायचं काय? स्टार्ट केल्यावर आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा आधी हजाराच्या वर जातो आणि मग हळूहळू खाली येतो, तेवढा अर्धा मिनिट सीटबेल्ट, आरसे बघण्यात जातोच. मग निघायचं, पेट्रोल गाडी साधारण २५०० आरपीएमच्या आत ठेवायची, पाय पूर्ण दाबायचा नाही, आणि वरच्या गिअरमध्ये घरघर करत ओढायचीही नाही. वाईत राहणाऱ्याला पाचगणीला जाताना गाव संपलं की लगेच पसरणी घाट लागतो, तिथे खालचा गिअर टाकून निवांत चढावं, ओव्हरटेकची घाई करू नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती टेम्परेचरच्या काट्याने. तो कुलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान दाखवतो, ऑइलचं नाही, आणि ऑइलला तापायला कुलंटच्या जवळपास दुप्पट वेळ लागू शकतो. बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो, आणि तो विझला म्हणजे इंजिन पूर्ण तापलं असं अजिबात नाही. निळा दिवा गेल्यावरही आणखी पाच-सात किलोमीटर दमाने घ्यावं. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या एम३ गाडीत आरपीएम मीटरवरच दिवे दिलेत, ऑइल थंड असेल तर आरपीएमची मर्यादा खाली असते आणि तापेल तशी वर सरकते, ही सोय खरंतर प्रत्येक गाडीत हवी.

कॅनडात कडक हिवाळ्यात ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) रात्रभर प्लगला लावून ठेवतात. जर्मनीत विनाकारण गाडी जागेवर चालू ठेवायला कायद्याने बंदी आहे. बंद गॅरेजात तर कुठेच चालू ठेवू नये, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. फॉर्म्युला वनची इंजिनं इतकी घट्ट मापाची असतात की आधी बाहेरून गरम पाणी आतून फिरवून मगच सुरू करतात.

टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाडीत, डिझेल असो की पेट्रोल, जास्त जपावं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि बहुतेक टर्बोत तो ऑइलच्या पातळ थरावरच फिरत असतो. घाट जोरात चढून आल्यावर लगेच चावी फिरवून बंद करू नये, मिनिटभर जागेवर चालू ठेवावी म्हणजे ऑइल फिरत राहतं आणि टर्बो थंड होतो.