सोळा किलो दगड

12 नोव्हेंबर 1912. अंटार्क्टिकातल्या रॉस हिमपट्टावर शोधपथकाला बर्फात जवळजवळ गाडला गेलेला एक तंबू सापडला. आत ब्रिटिश मोहिमेचा नेता रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे साथीदार एडवर्ड विल्सन आणि हेन्री बॉवर्स यांचे मृतदेह होते. अन्न आणि इंधनाचा पुढचा मोठा साठा तिथून जेमतेम 18 किलोमीटरवर. आणि तंबूपाशी, त्यांनी अखेरपर्यंत ओढत आणलेले सुमारे 16 किलो दगड.

दक्षिण ध्रुवाची शर्यत ते आधीच हरले होते. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 रोजी कुत्र्यांच्या गाड्यांनी तिथे पोचला, स्कॉटचे पाच जण 17 जानेवारी 1912 रोजी. परतताना आधी एडगर इव्हान्स गेला, मग लॉरेन्स ओट्स.

1913 मध्ये ब्रिटनने स्कॉटला वीरपुरुष मानलं. 1979 मध्ये चरित्रकार रोलंड हंटफर्डने त्याला हेकेखोर, ढिसाळ नेता ठरवलं. त्यातल्या काही आक्षेपांना उत्तर नाही. रॉकेलच्या डब्यांची चामड्याची वॉशरं थंडीत निकामी झाली आणि इंधन उडून गेलं. अमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते. माणसांनी गाडी ओढायची तर रोज 6000 कॅलरींहून अधिक लागतात, शिधा होता साधारण 4500 कॅलरींचा. म्हणजे ही माणसं चालता चालता उपाशी मरत होती.

पण 1999 मध्ये सुसान सॉलोमन आणि चार्ल्स स्टर्न्स या वातावरणशास्त्रज्ञांनी मोहिमेतल्या तापमानाच्या नोंदी त्याच वाटेवरच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मार्च 1912 ची थंडी नेहमीच्या मार्चपेक्षा कितीतरी कडक होती. याचा परिणाम केवळ शरीरावर होत नाही. घसरगाडी सरकते, कारण घर्षणाच्या उष्णतेने तिच्या पट्ट्यांखाली पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. पारा फार उतरला की तो थर नीट बनत नाही आणि बर्फ वाळूसारखा अडवतो. स्कॉटच्या डायरीत वाळूचीच उपमा आहे. दिवसाला काही किलोमीटर कमी, आणि तेच किलोमीटर शेवटी कमी पडले.

तरीही मी सगळं खापर हवामानावर फोडणार नाही. असा मार्च झेलण्याइतकी शिल्लक या बेतात ठेवलीच नव्हती, आणि बेत स्कॉटचा होता.

मात्र ते दगड टाकून द्यायला हवे होते, हे मला पटत नाही. 8 फेब्रुवारीला, अंगात त्राण नसताना, बिअर्डमोर हिमनदीजवळ थांबून विल्सनने ते गोळा केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे निघाले. आज गोठलेल्या त्या भूमीवर कधीकाळी जंगल होतं. दक्षिणेकडचे खंड पूर्वी एकमेकांना जोडलेले होते, या मताला त्या पानांनी बळ दिलं. तीच पानं आपल्याकडे कामठी आणि चंद्रपूरच्या खडकांत सापडतात.