अपत्यशोक आणि शास्त्रवचनांतील सांत्वन (कोल्हापूर)

मूल गमावलेल्या आईवडिलांनी बायबलमधील वचनांचा आधार घेणे, ती वाचून घेणे, पाठ म्हणणे, भजनात गाणे आणि प्रार्थनेत देवापुढे मांडणे, ही ख्रिस्ती घरांतली जुनी रीत. कोल्हापुरात मराठी ख्रिस्ती मंडळीची सुरुवात झाली ती रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली येथे आल्यापासून. १८७० मध्ये हे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्च या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे आहे. शोकाच्या प्रसंगी घराघरांत जे घडते त्यावर या प्रेस्बिटेरियन वळणाचा ठसा अजून दिसतो: विधी थोडे, वचन पुष्कळ.

मृत्यूची बातमी कळली की मंडळीचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब येतात, मंडळीतले वडीलधारे येतात, महिला मंडळाच्या बाया आईजवळ बसतात. शेजारपाजारच्या हिंदू-मुस्लिम घरांतूनही माणसे येतात, चूल पेटलेली नसते म्हणून कोणी पिठलं-भाकरी आणून ठेवते. तान्ह्या बाळाची शवपेटी इतकी लहान असते की तिला चौघांचा खांदा लागत नाही. बाप किंवा मामा ती दोन्ही हातांवर घेऊन चालतो. दफनानंतर काही दिवस संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवतात. पेटी-तबल्यावर भजने होतात. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्तीला अभंग-ओवीचे वळण दिल्यापासून मराठी मंडळीला आपले दुःख आपल्या चालीत गाता येऊ लागले, हे त्यांचे मोठे देणे आहे.

या प्रसंगी नेहमी वाचली जाणारी वचने ठरलेली आहेत. २३ वे स्तोत्र, योहानाच्या १४ व्या अध्यायातील पित्याच्या घरातल्या पुष्कळ जागांचे अभिवचन, ‘बाळकांना माझ्याकडे येऊ द्या’ हे मार्काच्या १० व्या अध्यायातील येशूचे शब्द, आणि प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायातील देव डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील हे वचन. पोटातच बाळ गेले असेल तर १३९ वे स्तोत्र वाचतात, कारण आईच्या उदरात घडणाऱ्या जिवाला देव पाहतो असे त्यात म्हटले आहे.

सर्वांत जास्त उच्चारले जाणारे वचन मात्र ईयोबाचे: ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ हे वाक्य कोणाच्या तोंडचे आहे याकडे लक्ष द्यावे, असे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. सात मुलगे आणि तीन मुली एका दिवसात गमावलेला बाप ते स्वतः बोलतो. त्याला भेटायला आलेले तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी तोंड उघडले ते पुढे, आणि शेवटी देवाने त्यांच्यावरच ठपका ठेवला. म्हणजे हे वचन शोक करणाऱ्याने, त्याला जमेल तेव्हा, म्हणायचे आहे. ते भेटायला आलेल्याने दारातून आत येता येता आईच्या कानावर घालायचे नव्हे.

‘देवाला आवडला’ असे मराठीत सहज म्हटले जाते, ख्रिस्ती घरांतही. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, पण शास्त्राचा सूर वेगळा आहे. प्रेषित पौल करिंथ शहरातील मंडळीला लिहिताना मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना, त्याला आपण उठवणार हे ठाऊक असूनही, येशू रडला. बेथलेहेमातल्या बाळांची कत्तल सांगताना शुभवर्तमानकार मत्तय यिर्मया संदेष्ट्याचे शब्द घेतो: इस्राएलाची पूर्वजा राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि तिला सांत्वन नको आहे. ज्या आईचे समाधान होत नाही तिलाही शुभवर्तमानात जागा आहे, आणि तिला कोणी दटावत नाही.

या दृष्टीने २ राजे, अध्याय ४ हा सगळ्यांत मोलाचा उतारा आहे. मंडळीत तो मुलगा पुन्हा जिवंत झाला या चमत्कारासाठी सांगितला जातो, पण शोकाकुल आईवडिलांसाठी त्याचा मधला भाग अधिक आहे. शूनेमच्या बाईचा मुलगा शेतात डोके धरून कोसळतो, आईच्या मांडीवर दुपारपर्यंत राहतो आणि मरतो. ती त्याला संदेष्टा अलीशा याच्या बिछान्यावर निजवते, दार लावून घेते आणि गाढवीवर खोगीर घालायला लावून निघते. वाटेत विचारणाऱ्यांना ती ‘ठीक आहे’ एवढेच सांगते. अलीशापाशी पोचल्यावर मात्र ती त्याचे पाय धरते आणि म्हणते की मी तुमच्याकडे मुलगा मागितला होता का? चाकर तिला दूर सारू पाहतो, तेव्हा अलीशा म्हणतो की तिला असू दे, तिच्या जिवाला फार दुःख झाले आहे आणि परमेश्वराने ते मला कळवलेले नाही. देवाचा माणूस येथे कारण सांगत नाही, कारण त्यालाच ते ठाऊक नाही. आईची तक्रार तो ऐकून घेतो.

दावीद राजा एकाहून अधिक वेळा अपत्यशोकातून जातो. पहिल्यांदा, तान्हे मूल आजारी असताना तो उपाशी जमिनीवर पडून राहतो, ते गेल्यावर उठून अंग धुतो, जेवतो आणि म्हणतो की मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही (२ शमुवेल १२). पुढे जाणता मुलगा अबशालोम मारला गेल्यावर तोच दावीद वेशीवरच्या माडीत चढताना ‘तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर’ असे म्हणत आक्रोश करतो (२ शमुवेल १८). दफनाच्या उपासनेत पहिला उतारा वाचतात, दुसरा क्वचितच. दोन्ही वाचायला हवेत, विशेषतः तरुण मुलगा किंवा मुलगी अपघातात किंवा आजाराने गेली असेल तेव्हा.

बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, न झालेल्या बाळाचे काय, हा प्रश्न आया दबक्या आवाजात विचारतात. कोल्हापूरचे मिशन ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चचे होते, तिने १९०३ साली आपल्या विश्वासकथनाला जोडलेल्या निवेदनात बालपणी मरण पावणारी सर्व मुले देवाच्या कृपेच्या निवडीत, म्हणजे तारण पावणाऱ्यांत, आहेत असे जाहीर केले. कॅथलिक चर्चही अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते, आणि तिथे आधार मार्काच्या त्याच वचनाचा घेतला जातो. हे आयांना स्पष्ट शब्दांत सांगणे पाळकांचे कर्तव्य आहे.

मराठी वाचकाला येथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्या बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, तेव्हा १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या आणि भाषांतर १९२४ साली छापून निघाले.

तरुण जोडप्याला लवकरच ‘दुसरं होईल’ असे ऐकावे लागते, आणि त्यासाठी ईयोबाच्या शेवटच्या अध्यायाचा दाखला दिला जातो. तो अध्याय नीट वाचावा. ईयोबाची मेंढरे ७,००० ची १४,००० झाली, उंट ३,००० चे ६,००० झाले. मुले मात्र पुन्हा सात आणि तीनच. दुप्पट झाली नाहीत, कारण पहिली दहा हिशेबातून गेलेली नाहीत, असा अर्थ अनेक जुन्या वाचकांनी लावला आहे. शिवाय देवाने त्याची स्थिती पालटली हे सांगून झाल्यावर ग्रंथकार लिहितो की त्याचे भाऊ, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले आणि त्यांनी त्याचे सांत्वन केले.