नवोदित स्त्री-कलावंतांसाठी पारितोषिके व रेसिडेन्सी, नागपूर

प्रदर्शनातील पदक, रोख रक्कम, शिष्यवृत्ती किंवा ठरावीक मुदतीसाठी निवास व स्टुडिओ (रेसिडेन्सी) या रूपांत दृश्यकलेतील नवोदित स्त्रियांना मिळणारे पाठबळ. नागपुरात ते बहुधा सर्वांना खुल्या असलेल्या शासकीय योजनांतून मिळते.

रेसिडेन्सीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचे मूळ फ्रान्समध्ये १६६३ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘प्री द रोम’ या पारितोषिकात शोधतात. त्याचे विजेते रोममध्ये राहून काम करीत. मात्र ही स्पर्धा स्त्रियांना १९०३ मध्ये खुली झाली आणि शिल्पकलेत ल्युसिएन यवेलमान्स या १९११ मध्ये तिच्या पहिल्या स्त्री-विजेत्या ठरल्या. दुसऱ्या मतानुसार अमेरिकेतील कलावंतांची मॅकडॉवेल वसाहत (१९०७) हा आजच्या रेसिडेन्सीचा आरंभ होय. पियानोवादक मॅरियन मॅकडॉवेल यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या वसाहतीच्या पहिल्या रहिवाशांत शिल्पकार हेलन मिअर्स व त्यांची लेखिका बहीण मेरी होत्या. स्त्रियांपुरते पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात पदकांची परंपरा अगोदरची आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीने (स्थापना १८८८) अमृता शेरगिल यांना १९३७ मध्ये सुवर्णपदक दिले. नागपुरातील डिसेंबर १८६५ चे प्रदर्शन मुख्यत्वे कारागिरी व उत्पादनांचे असल्याने त्याला या परंपरेचा आरंभ मानणे ताणलेले ठरेल.

शहरातील शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग खुला असतो. १९८६ मध्ये नागपुरात स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र प्रदर्शने व शिबिरे भरवते. शिबिर हे रेसिडेन्सीहून वेगळे: ते थोड्या दिवसांचे असते, काम सर्वांसमवेत चालते आणि पूर्ण झालेले चित्र बहुधा आयोजकांकडे राहते.

‘नवोदित’ कोणाला म्हणावे हा पात्रतेचा कळीचा प्रश्न आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५, तर कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४० वर्षे वयोगटासाठी आहे. संसार व बाळंतपणामुळे कामात खंड पडलेल्या स्त्रीला अशी वयाची अट जाचक ठरते. ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेले मॅक्स मारा पारितोषिक वयाऐवजी मोठे एकल प्रदर्शन झालेले नसणे ही कसोटी लावते आणि विजेतीला इटलीत सहा महिन्यांची रेसिडेन्सी देते. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेले ‘अ‍ॅनॉनिमस वॉज अ वुमन’ हे अनुदान तर चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांनाच दिले जाते.