अन्नू राणी

(२८ ऑगस्ट १९९२ – ). भारतीय भालाफेकपटू. आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या भालाफेकीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. जन्म उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्यात, बहादूरपूर गावच्या शेतकरी कुटुंबात.

क्रिकेट खेळताना त्यांची चेंडूफेक पाहून थोरल्या भावाने हातातला जोर हेरला आणि फेकायला दिला तो ऊस. लातूर-धाराशिवकडच्या वाचकाला यातली गोम चटकन कळेल. ऊस बुडख्याकडे जड, वाढ्याकडे हलका. हातात तोलून धरायचा तर मधोमध धरून भागत नाही. महिलांचा भाला ६०० ग्रॅम वजनाचा आणि २.२० ते २.३० मीटर लांब असतो. त्याचाही भार टोकाकडे झुकलेला, आणि फेक ग्राह्य धरली जाण्यासाठी धातूचे टोकच आधी जमिनीला लागावे लागते. ही शिस्त उसाने येत नाही, खांदा मात्र तयार होतो. पुढे बांबूचा भाला आला. वडील सुरुवातीला राजी नव्हते. भाऊ स्वतः धावपटू. दोघांच्या सरावाचा खर्च घराला झेपेना, तेव्हा माघार त्यानेच घेतली.

काशिनाथ नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली फेकीला वळण लागले. २०१४ मध्ये इंचॉन आशियाई स्पर्धेत ५९.५३ मीटरसह कांस्य मिळाले. २०१९ मध्ये दोहा येथे जागतिक स्पर्धेच्या भालाफेकीत अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मे २०२२ मध्ये जमशेदपूरला त्यांनी ६३.८२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला.

त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना बरोबर ६०.०० मीटरवर कांस्य मिळाले. आदल्याच दिवशी बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या (ता. आष्टी) अविनाश साबळे यांनी स्टीपलचेसचे (अडथळ्यांवरून धावण्याच्या शर्यतीचे) रौप्य जिंकले होते, मराठवाड्यात साहजिकच तीच चर्चा राहिली. योगायोग असा, की हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतही साबळेंच्या सुवर्णानंतर दोनच दिवसांनी, ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, अन्नू राणींनी चौथ्या प्रयत्नात ६२.९२ मीटर भाला फेकून सुवर्ण घेतले. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पात्रता फेरीतच बाद झाल्यावर जेमतेम दीड महिन्याने आलेली ही फेक. तोवर आशियाई स्पर्धेत महिलांच्या भालाफेकीतली भारताची सर्वोत्तम कामगिरी म्हणजे १९५८ मधील एलिझाबेथ डॅव्हेनपोर्ट यांचे रौप्य.

ऑलिंपिकने मात्र त्यांना हुलकावणीच दिली : टोकियोत ५४.०४ आणि पॅरिसमध्ये ५५.८१ मीटर, दोन्ही वेळा पात्रता फेरीच्या पुढे जाता आले नाही. २०२४ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.