जपानी खेळाडूंवरची बोली: मेजर लीगचा साठ वर्षांचा हिशेब

३१ ऑक्टोबर २०२५ ला टोरांटोत जपानी पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) योशिनोबू यामामोतोने बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि आपल्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाला मालिकेत बरोबरी साधून दिली. एवढे चेंडू टाकल्यावर पिचरला निदान चार दिवस विश्रांती देतात. यामामोतो मात्र दुसऱ्याच रात्री सातव्या सामन्यात मैदानात उतरला, आणखी ३४ चेंडू टाकले आणि अकराव्या इनिंगमध्ये (एरवी सामना नऊ इनिंगचा, म्हणजे डावांचा असतो) विजेतेपदावर शिक्कामोर्तब करूनच थांबला. मालिकावीराचा किताब अर्थातच त्याला मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सनी त्याच्याशी १२ वर्षांचा ३२.५ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा त्याने मेजर लीगमध्ये एक चेंडूही टाकलेला नव्हता. तरीही कोणत्याही पिचरच्या करारापेक्षा ही रक्कम मोठी होती. 'न पाहिलेल्या खेळाडूवर एवढे पैसे?' हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला.

प्रश्न जुनाच आहे. मात्र त्याचं उत्तर शोधताना लोक खेळाडूंची आकडेवारी चाळतात आणि नियमांचा इतिहास सोडून देतात. माझं म्हणणं असं की जपानी खेळाडूची किंमत त्याच्या खेळाने जितकी ठरली, तितकीच, किंबहुना जास्तच, त्या-त्या वेळच्या नियमांनी ठरवली. कोण स्वस्तात गेला आणि कोण महागात पडला, ते त्याशिवाय कळत नाही.

पहिला माणूस मासानोरी मुराकामी. १९६४ मध्ये नानकाई हॉक्स या त्याच्या जपानी संघाने त्याला आणखी दोन तरुणांसोबत शिकायला म्हणून सान फ्रान्सिस्को जायंट्सच्या कनिष्ठ संघांत पाठवलं. पोरगा इतका चांगला निघाला की १ सप्टेंबरला, विशीतच, जायंट्सनी त्याला न्यूयॉर्कमध्ये थेट मेजर लीगच्या सामन्यात उतरवलं. करारातल्या कलमानुसार १० हजार डॉलर मोजून तो आपला झाला, असं जायंट्सचं म्हणणं. आम्ही तर त्याला उसना दिला होता, असं नानकाईचं. प्रकरण इतकं चिघळलं की अमेरिकी बेसबॉलच्या आयुक्तांनी जपानशी संबंध तोडले. शेवटी १९६५ चा मोसम अमेरिकेत खेळून त्याने परत जायचं की नाही ते ठरवावं, अशी तडजोड झाली आणि तो परतला. १९६७ मध्ये दोन्ही देशांच्या लीगनी एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत असा करार केला. त्यानंतर जवळपास तीस वर्षं एकही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही. ती तीस वर्षं गुणवत्ता नव्हती म्हणून कोरडी गेली, असं मानायला काहीच आधार नाही.

दार उघडलं ते हिदेओ नोमोने, आणि तेही पळवाटेने. त्याच्या जपानी संघाच्या, किन्तेत्सू बफेलोजच्या, प्रशिक्षकाशी त्याचं बिनसलं होतं. त्याचे एजंट डॉन नोमुरा यांनी नियमावलीतली एक फट शोधली: खेळाडू जपानमध्ये स्वेच्छेने निवृत्त झाला, तर परदेशात खेळायला त्याला कुणी अडवू शकत नाही. नोमो 'निवृत्त' झाला आणि १९९५ मध्ये २० लाख डॉलर घेऊन डॉजर्सकडे आला. १९९४ च्या संपामुळे वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती, अमेरिकी प्रेक्षक खेळावर रागावलेले होते. अशा वेळी पाठ पूर्ण फिरवून चेंडू टाकणारा हा माणूस आला, पहिल्याच मोसमात २३६ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि सर्वोत्तम नवोदित ठरला. २० लाखांत एवढं मिळालं, कारण बोली लावायची रीतच तेव्हा नव्हती.

मग पळवाटा बुजवायची घाई सुरू झाली. १९९७ मध्ये चिबा लोत्ते मरीन्सने वेगवान पिचर हिदेकी इराबूचे हक्क परस्पर सान डिएगो पाद्रेसना देऊन टाकले. त्याला कुणी विचारलंच नाही. 'खेळेन तर न्यूयॉर्क यांकीजकडूनच' म्हणून तो अडून बसला आणि अखेर यांकीजनी हक्क घेऊन त्याच्याशी १ कोटी २८ लाखांचा करार केला. या गोंधळातून डिसेंबर १९९८ मध्ये 'पोस्टिंग' पद्धत जन्माला आली. जपानी संघाने खेळाडू उपलब्ध असल्याचं जाहीर करायचं. अमेरिकी संघांनी बंद पाकिटात बोली लावायची. सर्वांत मोठी बोली ज्याची, त्यालाच खेळाडूशी बोलायचा ३० दिवसांचा एकाधिकार. बोलीची रक्कम जपानी संघाला, पगार वेगळा. खेळाडूला आपला संघ निवडायची सोय नाही.

या पद्धतीत पहिला मोठा मासा गळाला लागला तो इचिरो सुझुकी. नोव्हेंबर २००० मध्ये सिअॅटल मरिनर्सनी त्याच्या जपानी संघाला, ओरिक्सला, १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर दिले, इचिरोला तीन वर्षांचे १ कोटी ४० लाख. सडपातळ अंगाच्या या फलंदाजाला अमेरिकी पिचर झेपणार नाहीत, अशी कुजबूज होती. २००१ मध्ये त्याने २४२ हिट मारले (चेंडू टोलावून सुखरूप बेस गाठला), ५६ बेस चोरले (चेंडू न टोलावताच पळून पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पुढचा टप्पा, गाठला) आणि सर्वोत्तम नवोदित व सर्वात मौल्यवान खेळाडू हे दोन्ही किताब एकदम नेले. २००४ मध्ये २६२ हिट मारून त्याने १९२० पासूनचा विक्रम मोडला. २०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेम या दिग्गजांच्या सन्मानयादीत गेला, एकमताला फक्त एक मत कमी पडलं. दोन कोटी ७१ लाखांत हे घडलं. त्यानंतर सगळ्या संघांना जपानमध्ये इचिरोच दिसू लागला.

त्या भ्रमाचा कळस २००६ च्या हिवाळ्यात झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत बोलका कालखंड आहे. बॉस्टन रेड सॉक्सनी जपानच्या सेइबू संघाच्या पिचर दाइसुके मात्सुझाकासाठी पाकिटात आकडा लिहिला ५,११,११,१११ डॉलर आणि ११ सेंट. त्याला सहा वर्षांचे आणखी ५ कोटी २० लाख. हातातून मात्सुझाका गेल्यावर यांकीजनी जपानच्याच हानशिन संघाच्या पिचर केई इगावासाठी २ कोटी ६० लाख १९४ डॉलरची बोली लावली. शेवटचे १९४ म्हणजे इगावाचे त्या मोसमातले स्ट्राइकआउट. पाच वर्षांच्या पगाराचे २ कोटी वेगळे. एवढं करून इगावा मेजर लीगमध्ये १६ सामने खेळला, दोन जिंकला (संघाचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावे लागतो) आणि बाकीचा काळ कनिष्ठ संघांत काढला. तो काही वाईट पिचर नव्हता, जपानमध्ये त्याचं नाव होतं. पण त्याची किंमत लावली गेली ती शेजारच्या बॉस्टनने मात्सुझाका नेला म्हणून.

त्याच हिवाळ्यात बॉस्टनने आणखी एक जपानी पिचर घेतला, हिदेकी ओकाजिमा. त्याचा करार संपलेला होता, त्यामुळे बोली नाही, पाकीट नाही. दोन वर्षांचे २५ लाख. २००७ मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला आणि रेड सॉक्सच्या विजेतेपदात त्याचा वाटा मोठा होता. आणि टँपा बेने ४५ लाखांच्या बोलीत अकिनोरी इवामुरा नेला. २००८ मध्ये याच बॉस्टनला हरवून टँपा बे पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये गेला, तेव्हा शेवटचा चेंडू अडवून, दुसऱ्या बेसवर पाय ठेवून शेवटचा गडी बाद करणारा इवामुराच होता. त्या हिवाळ्यातले सर्वांत किफायतशीर सौदे हे दोन, आणि दोन्ही सर्वांत स्वस्त.

मात्सुझाकाची गोष्ट मात्र 'फसला' म्हणून सोडून देण्याजोगी नाही. पहिल्या दोन मोसमांत त्याने ३३ सामने जिंकले, २००७ ला वर्ल्ड सिरीज मिळाली, २००८ ला त्याचा हिशेब १८ जिंकले, ३ हरले असा होता. पुढच्या चार वर्षांत मिळून फक्त १७ विजय. २०११ ला कोपराची शस्त्रक्रिया झाली. कारण शोधायचं तर १९९८ च्या उन्हाळ्यात, कोशिएन मैदानावर जावं लागतं. तिथल्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत या मुलाने उपांत्यपूर्व फेरीत १७ इनिंग एकट्याने खेळून काढल्या, २५० चेंडू टाकले. त्याच्या आदल्या दिवशी १४८ टाकलेले होते. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी असतानाही तो शेवटच्या इनिंगला आला आणि अंतिम सामन्यात एकही हिट दिला नाही. जपानने त्याला डोक्यावर घेतलं. पण अमेरिकी संघ विकत घेतो तो खांदा आणि कोपर आधी किती झिजले आहेत, ते कोणत्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं. त्यातच जपानमध्ये पिचर साधारण आठवड्यातून एकदा खेळतो, अमेरिकेत दर पाचव्या दिवशी, आणि अमेरिकी चेंडू किंचित मोठा नि गुळगुळीत असतो. बॉस्टनचे प्रशिक्षक त्याच्या सरावाचे चेंडू मोजत बसले आणि तो जपानी पद्धतीने भरपूर चेंडू टाकायला मागत राहिला, ही कुरबूर वर्षानुवर्षं चालली.

फलंदाजांचं गणित वेगळं, आणि तिथे अपेक्षाभंग जास्त. हिदेकी मात्सुइने २००२ मध्ये जपानमध्ये ५० होमरन (साधारणपणे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलावणारे फटके) मारले, यांकीजकडे पहिल्या वर्षी १६. तो सावरला, २००९ च्या वर्ल्ड सिरीजचा मालिकावीर ठरला. काझुओ मात्सुइ, त्सुयोशी निशिओका हे इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) सावरले नाहीत. अमेरिकेतल्या पिचरचा सरासरी वेग जास्त, आणि कृत्रिम गवतावर घडलेल्या इनफिल्डरला नैसर्गिक मैदानावरची उसळी नवी. निशिओकाचा तर पहिल्याच आठवड्यात पाय मोडला. २०१२ मध्ये त्याने उरलेला पगार सोडून मिनेसोटाकडून मुक्तता मागून घेतली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

बोलीचा आकडा २०११ च्या डिसेंबरात पुन्हा फुगला, टेक्सासने पिचर यू दारविशसाठी ५ कोटी १७ लाख मोजले. तेव्हा अमेरिकी संघांनीच हात आखडता घेतला. २०१३ च्या नव्या नियमात जपानी संघाला जास्तीत जास्त २ कोटी, आणि तेवढी तयारी असलेल्या प्रत्येक संघाला खेळाडूशी बोलायची मुभा. लगेच मासाहिरो तानाकाला, त्या वर्षी २४ जिंकून एकही न हरलेल्या पिचरला, यांकीजकडून सात वर्षांचे १५.५ कोटी मिळाले. पैसा तोच, फक्त तो जपानी संघाकडून खेळाडूच्या खिशाकडे वळला. मला हा बदल न्याय्य वाटतो. चेंडू तानाका टाकणार होता, त्याच्या जपानी संघाचं, राकुतेनचं, कार्यालय नव्हे.

आणि मग पिचर आणि फलंदाज अशा दोन्ही भूमिका करणारा शोहेई ओतानी. डिसेंबर २०१६ मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या कामगार करारात २५ वर्षांखालच्या परदेशी खेळाडूंच्या रकमेवर कडक मर्यादा आली. दोन वर्षं थांबला असता तर ओतानीला वीस कोटींच्या पुढे मिळू शकले असते. तो थांबला नाही. २०१७ च्या डिसेंबरात तो लॉस एंजेलिस एंजल्स संघाकडे गेला, २३ लाख १५ हजारांच्या बोनसवर आणि लीगच्या किमान पगारावर. सहा वर्षांत दोनदा सर्वात मौल्यवान खेळाडू. तरी एंजल्सनी त्या सहा वर्षांत एकही मोसम हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकून संपवला नाही. खेळाडू कितीही किफायतशीर असो, बाकीचा संघ त्याने उभा राहत नाही. डॉजर्सनी त्याला २०२३ मध्ये ७० कोटी देऊ केले, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे, आणि त्यामुळे पगारखर्चात वाचलेल्या जागेत यामामोतोसारखे लोक भरले. २०२४ आणि २०२५, दोन्ही विजेतेपदं त्यांची.

तेव्हा सौदा परवडतो का? पिचर असेल, त्याचं वय आणि हात दोन्ही तरुण असतील आणि शेजाऱ्याच्या ईर्ष्येने आकडा फुगवलेला नसेल, तर बहुतेक वेळा परवडलेला आहे. शोता इमानागा शिकागो कब्जकडे चार वर्षांच्या ५ कोटी ३० लाखांत आला आणि २०२४ च्या पहिल्या मोसमात १५ जिंकले, ३ हरला. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सचा कोदाई सेंगा दुखापतींमुळे साखळीत एकच सामना खेळू शकला. धोका आहे तो इथे.

परवडत नाही ते जपानी संघांना. आताच्या नियमानुसार त्यांना कराराच्या टक्क्यांत रक्कम मिळते: पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावर १५. यामामोतोमुळे ओरिक्सला ५ कोटींहून जास्त मिळाले, ते ठीक. पण २५ वर्षांखालच्या खेळाडूच्या बोनसवर फक्त २५ टक्के. जानेवारी २०२५ मध्ये २३ वर्षांचा रोकी सासाकी ६५ लाखांच्या बोनसवर डॉजर्सकडे गेला. २०२२ मध्ये एका सामन्यात १९ स्ट्राइकआउट करून एकाही फलंदाजाला बेसवर येऊ न देणारा हा पिचर घडवल्याबद्दल त्याच्या संघाला मिळाले १६ लाख २५ हजार डॉलर. तो संघ चिबा लोत्ते. इराबूला न विचारता देऊन टाकणारा.