आकडा कुठून आला? सिव्हिल इंजिनिअरिंगची थोडी मागची गोष्ट

मागे एकदा ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलाने बीमचं डिझाइन तपासायला आणून दिलं. सॉफ्टवेअरचं छान रंगीत आउटपुट होतं, सगळं हिरवं, सगळं पास. सहा मीटरचा साधा दोन टोकांवर टेकलेला बीम, मीटरला ४० किलोन्यूटन लोड आणि मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, लिहिलाय १८. आता लोड गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ हे तर कॉलेजात झोपेतही येतं, म्हणजे १८० यायला पाहिजे, मग बघितलं तर पठ्ठ्याने ४० च्या जागी ४ टाकले होते. चूक कोणाचीही होते, मी स्वतः याहून मोठ्या केल्यात, पण १८ हा आकडा बघून त्याला काहीच खटकलं नाही हे मला जास्त लागलं. नंतर विचार केला तेव्हा वाटलं की यात नवीन काही नाही, आपल्या धंद्याचा सगळा इतिहासच आकडा कुठून आणला आणि कोणी तो डोळे मिटून मानला याच्यावर चाललाय.

मुळात 'सिव्हिल' हा शब्दच बऱ्याच जणांना कोड्यात टाकतो. इंजिनिअर म्हणजे आधी सैन्यातला माणूस, किल्ले, खंदक, तोफांचे रस्ते करणारा. जो सैन्यातला नाही आणि लोकांसाठी पूल, कालवे, बंदरं बांधतो तो सिव्हिल, एवढाच अर्थ. (आपण मराठीत स्थापत्य म्हणतो, त्याला देवळाचा आणि वाड्याचा वास येतो, गटाराच्या पाइपचा येत नाही, आणि आमचं निम्मं आयुष्य पाइपातच जातं.) फ्रान्समध्ये १७४७ ला पॅरिसला पूल आणि रस्त्यांसाठी वेगळी शाळा निघाली. इंग्लंडात जॉन स्मीटन स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवायला लागला.

या स्मीटनचं एडिस्टोन दीपगृह जरा नीट बघण्यासारखं आहे. भर समुद्रातल्या खडकावर आधी एक मनोरा होता, तो १७०३ च्या वादळात बांधणाऱ्या विन्स्टनलीसकट वाहून गेला. स्मीटनला १७५६ मध्ये त्याच खडकावर नवीन बांधायचा होता आणि पाण्यात घट्ट होईल असा चुना हवा होता. फॉर्म्युला नव्हता, टेबल नव्हतं, मग त्याने वेगवेगळ्या ठिकाणचा चुना आणून त्याचे छोटे गोळे करून पाण्यात टाकून बघितले. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश आहे तिचाच चुना पाण्यात पकडतो हे त्याला तिथे कळलं, आणि पुढे १८२४ ला अ‍ॅस्पडिनने ज्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं त्याची वाट इथूनच जाते. म्हणजे त्याचा आकडा गोळ्यातून आला, स्वतः बोटाने दाबून बघितलेल्या. हा मनोरा १७५९ ला सुरू झाला आणि शंभराहून जास्त वर्षं उभा राहिला, आणि शेवटी हलवावा लागला तो मनोऱ्यात खोट होती म्हणून नाही, तर खालचा खडक लाटांनी झिजला म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग संस्था आल्या. १८१८ ला लंडनमध्ये काही तरुण इंजिनिअरांनी एकत्र येऊन संस्था काढली, १८२० ला टेलफर्ड तिचा पहिला अध्यक्ष झाला, १८२८ ला राजाची सनद मिळाली आणि त्या निमित्ताने ट्रेडगोल्ड नावाच्या इंजिनिअरने सिव्हिल इंजिनिअरिंगची व्याख्या केली, की निसर्गातल्या शक्तीच्या मोठ्या साठ्यांना माणसाच्या उपयोगासाठी आणि सोयीसाठी वळवण्याची ही कला. १८४७ ला गंगा कालव्यासाठी माणसं हवीत म्हणून रुरकीला कॉलेज निघालं. काम आधी आणि कॉलेज मागून हा क्रम सगळीकडेच दिसतो.

पण खरा बदल संस्थांनी नाही केला, पडलेल्या पुलांनी केला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा रेल्वे पूल गाडीसकट खाली गेला, गाडीतलं कोणीही वाचलं नाही. डिझाइनर थॉमस बाऊच. चौकशीत निघालं की वाऱ्याच्या दाबासाठी त्याने वेगळा हिशेबच धरला नव्हता. तिथल्याच फोर्थ खाडीवरच्या नियोजित पुलासाठी राज-खगोलशास्त्रज्ञांनी चौरस फुटाला १० पौंड पुरे असं सांगितलं होतं, तेवढी त्याच्याकडे माहिती. पूल पडल्यावर आयोग बसला आणि आकडा थेट ५६ पौंड झाला, आणि १८९० चा तो अवाढव्य फोर्थ पूल त्या ५६ वर उभा आहे. वारा तोच, फक्त कागदावरचा आकडा साडेपाच पट झाला. आज आपण कोडमधलं, म्हणजे डिझाइनच्या नियमांच्या पुस्तकातलं, वाऱ्याचं टेबल उघडतो तेव्हा ते जणू आकाशातून पडलंय असं वाटतं, पण अशा प्रत्येक टेबलाच्या मागे कुठेतरी कोणीतरी पाण्यात बुडालेलं असतं.

कॅनडातल्या क्वेबेक पुलाचं तर फारच वाईट वाटतं. स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) १६०० फुटांचा १८०० केला, पण स्वतःच्या वजनाचा हिशेब परत नीट केलाच नाही. खालच्या कॉर्डच्या, म्हणजे सांगाड्याच्या तळच्या लांब भागाच्या, प्लेटा वाकायला लागल्या, साइटवरचे लोक कळवत होते, आणि सल्लागार थिओडोर कूपर तब्येतीमुळे न्यूयॉर्कला बसून पत्रांवर काम बघत होता. लोड वाढवू नका ही त्याची तार साइटवरचं काम थांबवू शकली नाही आणि २९ ऑगस्ट १९०७ ला पूल कोसळला, ७५ कामगार गेले. १९१६ ला मधला भाग उचलताना पुन्हा अपघात, अजून १३. कॅनडातले इंजिनिअर करंगळीत लोखंडी अंगठी घालतात ती याच पुलाच्या लोखंडाची असं सांगतात, ते खरं नाही, पण गोष्ट टिकली यातच काय ते आलं. परवान्याचे कायदेही असेच आले. कॅलिफोर्नियात १९२८ ला सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, त्याच दिवशी ते बांधणाऱ्या मलहोलंडने येऊन धरण बघून ठीक आहे म्हटलं होतं, चारशेहून जास्त माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी सिव्हिल इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा झाला.

आता स्लाइड रूलवर, म्हणजे गुणाकार-भागाकार करायच्या सरकत्या पट्टीवर, येतो, कारण मला वाटतं आपल्या पिढीचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. मी शिकलो तेव्हा स्लाइड रूल गेलेला होता, पण एका म्हाताऱ्या सरांकडे पिवळा पडलेला एक होता आणि ते मुद्दाम वर्गात काढायचे. त्याची गंमत अशी की तो आकडे देतो, दशांश चिन्ह देत नाही. १८ का १८० का १८०० हे तुमचं तुम्ही डोक्यात धरायचं. म्हणजे पट्टी सरकवायच्या आधीच उत्तर साधारण किती येणार हे माहिती पाहिजे, नाहीतर पट्टीचा उपयोग शून्य. १९७२ ला खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांत स्लाइड रूल कपाटात गेला, आणि त्याच्याबरोबर ती सक्तीची सवयही गेली. कोणी ठरवून घालवली नाही, पण गेली.

कॉम्प्युटरने काम किती वाढवलं ते मी नाकारत नाही. फायनाइट एलिमेंट (बांधकामाचे कॉम्प्युटरवर छोटे तुकडे पाडून हिशेब करायची पद्धत) हे नाव १९६० ला पडलं, १९८२ ला ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आलं, ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर, ब्लेडने खरवडून पुसलेल्या शाईच्या रेघा आणि अमोनिया प्रिंटचा डोळ्यात पाणी आणणारा वास हे सगळं गेलं आणि मला त्याची अजिबात आठवण येत नाही. पण हार्टफर्डच्या स्टेडियमचं छप्पर बघा. अमेरिकेतलं, कॉम्प्युटरवर अ‍ॅनालिसिस केलेलं स्पेस फ्रेम, म्हणजे दांड्यांची तिन्ही दिशांना जोडलेली जाळी. उभारतानाच ते हिशेबापेक्षा दुप्पट वाकत होतं, तसं कळवलंही होतं, उत्तर आलं की थिअरी आणि प्रत्यक्षात एवढा फरक चालायचाच. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या वजनाने ते खाली आलं, आदल्या रात्री तिथे सुमारे ५००० लोक बास्केटबॉलची मॅच बघून घरी गेले होते. मॉडेलमध्ये वरच्या मेंबरना (दांड्यांना) जो आडवा आधार धरला होता तो प्रत्यक्षात तसा नव्हताच.

नॉर्वेचं स्लाइपनर तर आमच्या मुलांना मी दर वर्षी सांगतो. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया, २३ ऑगस्ट १९९१ ला चाचणीसाठी फ्योर्डमध्ये बुडवत असताना भिंत फुटून तळाला गेला. कॉम्प्युटर मॉडेलची मेश, म्हणजे हिशेबासाठी पाडलेले तुकडे, नीट नव्हती म्हणून शिअर (भिंतीला कापू बघणारा जोर) ४७ टक्के कमी आला होता आणि त्या आकड्यावर भिंती आणि सळया ठरल्या. नंतर बारीक अ‍ॅनालिसिस केलं तेव्हा ६२ मीटर खोलीवर फुटायला पाहिजे असं निघालं आणि प्रत्यक्षात फुटला होता ६५ ला. म्हणजे बरोबर प्रश्न विचारला असता तर कॉम्प्युटर बरोबरच उत्तर देत होता. आणि पुढची मजा म्हणजे नवीन प्लॅटफॉर्म वेळेत करायचा म्हणून त्याच लोकांनी वीस वर्षांपूर्वीच्या, स्लाइड रूलच्या काळातल्या पद्धतीने हातानेच डिझाइन सुरू केलं.

हे सगळं एवढं लांबवलं कारण पुढची आव्हानं म्हणून जी यादी सगळीकडे फिरते, एआय, ड्रोन, बिम (BIM, इमारतीचं सगळी माहिती भरलेलं कॉम्प्युटर मॉडेल), थ्रीडी प्रिंटिंग, तिच्यात मला फार घाबरण्यासारखं काही दिसत नाही. एआय लेआउट काढून देईल, सळयांचं शेड्यूल काढून देईल, देऊ दे. सही माणसाचीच राहणार, आणि सही करणाऱ्याला १८ खटकला पाहिजे एवढाच प्रश्न आहे. पण तो खटका तयार होतो कसा? ज्युनिअर असताना पाच वर्षं कंटाळवाणी गणितं करून, ड्रॉइंग तपासून, साइटवर शिव्या खाऊन. ते कंटाळवाणं काम मशीनकडे गेलं तर पुढचा सिनिअर कुठे बनणार याचं उत्तर अजून कोणी दिलेलं मी ऐकलं नाही.

दुसरी अडचण स्मीटनच्या खडकासारखी आहे. आपल्या पुलाचा, नाल्याचा आकडा मागच्या पावसाच्या नोंदींतून येतो आणि त्यात गृहीत धरलंय की पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे काय हेही लोकांना कळत नाही, दर वर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे शंभर वर्षांच्या आयुष्यात तो निदान एकदा येण्याची शक्यता ६३ टक्के, आणि हे हवामान बदलत नाहीये असं धरून. ते बदलतंय. बांधकाम ठणठणीत, खालचं गृहीतक झिजतंय.

तिसरं म्हणजे नवीन बांधण्यापेक्षा जुनं सांभाळायचं काम वाढत चाललंय आणि ते आम्हाला कॉलेजात कोणी धड शिकवलं नाही. इटलीतल्या जिनोआचा मोरांडी पूल १९६७ चा, त्याचे स्टे (पूल वरून ओढून धरणारे तिरके दोर) काँक्रीटमध्ये गुंडाळलेले, कल्पना अशी की स्टील सुरक्षित राहील, झालं असं की आतला गंज कोणाला दिसेना. १४ ऑगस्ट २०१८ ला पडला, ४३ माणसं गेली. काँक्रीट अमर आहे हा समज फार पक्का आहे, साइटवर मात्र कव्हर ब्लॉक (सळई आणि साच्याच्या मधे ठेवायचा छोटा ठोकळा) विसरला की सळई शटरिंगला, म्हणजे साच्याला, टेकते आणि काही वर्षांत तिथे तांबूस रेघ उमटते, मग पोपडा. पैशाचा ब्लॉक, आणि दुरुस्तीला आख्खी स्कॅफोल्डिंग.

आणि सिमेंट. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नाही तर चुनखडीचाच, ती भाजली की तिच्यातून निघतोच, भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी. उपाय म्हणून फ्लाय अ‍ॅश आणि स्लॅग घालतो, पण फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली राख आणि स्लॅग म्हणजे लोखंडाच्या ब्लास्ट फर्नेसमधली मळी, आणि तीच दोन्ही बंद करायची म्हणतायत. आता भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून सिमेंट करायचं चाललंय, ते मला पटतं. तेवढे त्याचे ७ दिवसांचे आणि २८ दिवसांचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) मी स्वतः फोडून बघणार आहे.